सहा महिन्यांचा माळी

अकोला, ४ डिसेंबर १९३४

माणिकताईले शालिकरामचा दंडवत. भाऊजीले नमस्कार, लेकराईले पापा.

ताई, नोकरी लागली. आता तू बोटं मोजशीन अन् म्हणशीन, हे सातवी. हव, सातवी. जिनिंग, रेल्वे, आरागिरणी, खामगावची पेढी, तुले सारं पाठ आहे. पण हे नोकरी आपल्या घरच्या धंद्याची आहे. मोर्णेच्या काठी नवा सार्वजनिक बगीचा झाला. त्याचा मी हेडमाळी! हाताखाली दोन गडी, विहिरीवर मोट, अन् बगिच्याच्या कोपऱ्यात रायाले दोन खोल्या. बागमंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब वकील. त्यायनं माही शाळा इचारली नाही, की गाव इचारलं नाही. माहे हात उलटे करून नखातली माती पायली अन् म्हणे, "ह्याला ठेवून घ्या." पण सहा महिने कच्चा. टिकलो त पक्का.

जमुना काय बोलून गेली तुले माहीत आहे. गावी, भावकीतल्या पुंजारामदादाच्या ओट्यावर, साऱ्यायसमोर. "तुमचा पाय एका जागी सहा महिने टिकला की निरोप द्या, तवर मी माहेरी." अन् हिवरखेड सोडून गेली तेल्हाऱ्याले. आठ वर्षांत सहा जागी चूल मांडली तिनं अन् सहा जागी मोडली, तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण बोलाचंच होतं त घरात बोलाचं. तवा हे सहा महिने मले काढाचेच आहेत. एक डिसेंबरले लागलो, एक जूनले पुरे.

पण ताई, चार दिवसांतच जीव उडून रायला. अठी गुलाब, कुंदा, शेवंती लावली, पण पिकवाचं अन् विकाचं नाही. माणसं येतात, हिरवळीवर बसतात, उठून जातात. एक मास्तर रोज संध्याकाळी बगिच्याले पाच चकरा मारते अन् जिथून निघाला तिथंच येऊन थांबते. काल मी इचारलं, "गुरुजी, काही हरवलं काय?" त माह्यावरच डोळे वटारले. काम नसलेल्या माणसायसाठी मी काम करून रायलो, असं वाटते. एका खेपेस त खुरपं फेकून स्टेशनाकडे निघालो होतो. पुलावरून परत आलो.

काय करू सांगजो.

तुहा,
शालिकराम

—

नांदगाव खंडेश्वर, १२ डिसेंबर १९३४

चि. शालिकरामले ताईचे आशीर्वाद.

पुलावरून परत आला म्हणून वाचला. स्टेशनावर पोचला असता त मी येऊन तंगडं मोडलं असतं. बाबानं गावाची बोलणी खाऊन मले शाळेत धाडलं, ते तुह्या असल्या चिठ्ठ्या वाचाले काय रे? जिनिंगमधी तुले रुई नाकात जाते, रेल्वेत शिट्टी डोक्यात जाते, पेढीवर बसून पाय मुंगारतात. आता हिरवळीवर माणसं बसतात त तुह्या पोटात दुखते. बसू दे ना बाप्पा! तुह्या मांडीवर त नाही बसत!

पण एक मले सांग. गुलाब लावला म्हणतं, कुंदा लावला, शेवंती लावली. मंग त्या फुलांचं करता काय? ते तू काही लिहिलंच नाही. झाडावरच ठेवता काय? माळ्याच्या लेकराले हे सांगाव लागते काय की उमललेलं फूल झाडावर रायलं की झाड थकते? सूर्य उगवायच्या आत फूल टोपलीत गेलं पाहिजे. एक कळी मागं सोडली की बाबा कसे कान पिळत, विसरला? विकाची मनाई आहे त नको विकू. पण तोड. जुन्या शहरात आपल्या गावची गंगूबाई आहे, नवरा मेल्यापासून हार ओवून पोट भरते बिचारी. तिले देत जा. पुण्य लागन अन् तुह्या हाताले कामही होईन. तुह्या हाताले काम नसलं की पाय चालाले लागतात, हे मले लहानपणापासून ठाऊक आहे.

जमुनेची काळजी करू नको. ती जिथं आहे तिथं बरी आहे.

तुही,
माणिकताई

—

अकोला, २० जानेवारी १९३५

ताईले दंडवत.

तुह्या चिठ्ठीनं मले वाचवलं. आता पहाटे टोपली घेऊन निघतो, उजाडाच्या आत सारा बगीचा हातावेगळा करतो. गुलाब, कुंदा, शेवंती, एक कळी सोडत नाही. झाडं अशी तरारली की पायत रावं! गंगूबाई दारात उभीच रायते. रडली पहिल्या दिवशी. मी तिच्याकडून एक पैसा घेतला नाही, सुपारीचं खांडही नाही. उजाडल्यावर गडी येतात तवर बगीचा कसा साफ, धुतल्यावाणी.

बाकी कटकट आहेच. नदीकाठच्या बकऱ्या काट्याच्या कुंपणातून आत येतात. धोबी म्हणे, आमची वाळवणाची जागा तुमी घेतली, आता हिरवळीवर धोतरं वाळू घालतो. त्याचंही खरं होतं. मी त्याले मागच्या बाजूची रेती दाखवली, त म्हणे, "हेडमाळी झाला त मोठा लाटसाहेब झाला काय?" पण आता वाळवते तिथंच. गुरुजीच्या चकरा चालू आहेत. आता मी काही इचारत नाही.

आठ फेब्रुवारीले वसंतपंचमी. त्या दिवशी मंडळ मोठ्या लोकायले बगीचा दाखवणार. बापूसाहेब म्हणे, "शालिकराम, आपली शोभा त्या दिवशी दिसली पाहिजे." मी म्हटलं, काळजी नको साहेब.

खानावळीत जेवतो. खरं सांगू काय, जमुनेच्या भाकरीपेक्षा खानावळीची बरी. तिची भाकर म्हणजे एका बाजूनं करपलेली अन् दुसऱ्या बाजूनं बोलणी. एकटा आहे त कानाले सुख आहे. तिकडे तेल्हाऱ्याले राणीवाणी बसली असन.

तुहा,
शालिकराम

—

नांदगाव खंडेश्वर, २९ जानेवारी १९३५

शालिकराम,

भाकरीचं काय लिहिलं रे तू? लाज नाही वाटली? आठ वर्षं धुपत्या चुलीपुढं बसून तुले जेवू घातलं तिनं. एक पावसाळा रेल्वेच्या पालात, एक उन्हाळा आरागिरणीच्या भुश्यात. त्या भुश्यानं तिले खोकला लागला तो अजून आहे. राणीवाणी बसली म्हणते! तुह्या तोंडाले काही कुलूप?

पुढच्या चिठ्ठीत तिच्याबद्दल लिहाचं त धड लिहिजो. नाही त लिहूच नको. मी तुह्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत असते.

माणिक

—

अकोला, १० फेब्रुवारी १९३५

ताईले दंडवत.

तू माह्यावर एवढी काहून चिडली, मले समजलं नाही. चिडाची येळ आता आली आहे. सांगतो ते ऐक.

वसंतपंचमीले पाहुणे येणार, म्हणून त्या पहाटे मी दोन्ही गड्यायले कामाले लावलं. अर्धवट उमललेलं त काढलंच, पण उद्या-परवा उमलणारंही काढलं. म्हटलं, पाहुण्यायले झाडावर एक शिळं पान दिसाले नको, एक थकलं फूल दिसाले नको. चार टोपल्या गंगूबाईकडे गेल्या.

दुपारी चारले पाहुणे आले. वकील, डाक्टर, शाळेच्या बाया, दोन गोरे साहेब, एक मडम. साऱ्यायच्या गळ्यात हार घातले. हार मंडळाच्या शिपायानं जुन्या शहरातून आणले होते. कोणाकडून आणले ते तू समजून घे.

मंग बापूसाहेब सगळ्यायले घेऊन फिराले लागले. हे गुलाबाचे ताटवे, हे शेवंतीचे वाफे. पाहुणे पाहून रायले, पानं अन् पानं अन् पानं. मडम काहीतरी बोलली अन् गोरे हासले. बापूसाहेबाचा चेहरा उतरला. मले हाक मारली. "शालिकराम, फुलं कुठे आहेत?"

ताई, मी छाती पुढं करून सांगितलं, "काढली साहेब! सूर्य उगवायच्या आत सारी काढली. एक कळी सोडली नाही."

बापूसाहेबानं गळ्यातला हार उचलून डोळ्याजवळ धरला. "हा गुलाब आपलाच ना?"

"हव साहेब," मी म्हटलं, "एक नंबर माल."

तवा कुठं मले समजलं. पाहुण्यायनं ते फूल झाडावर पाहाले पाहिजे होतं. ताई, आपल्या सात पिढ्यांत फूल झाडावर ठेवण्यासाठी कोणी लावलं काय? तूच सांग! मले कोणी सांगितलंही नाही. त्यायले वाटलं, हे काय सांगाची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. मंडळाची फुलं चोरून बाजारात घातली, आठ दिवसांत खुलासा द्यावा. चोर! गंगूबाईच्या घरी शिपाई जाऊन आला. तवापासून म्हातारीनं दाराले कडी लावली आहे.

मी खुलासा देत नाही. कोणाच्या पायाही पडत नाही. खांडव्याचा एक ठेकेदार माणसं नेऊन रायला, त्याच्यासंग अठरा तारखेले, सोमवारी, निघतो. अडीच महिनेही झाले नाही. जमुनेले सांगजो, तुहं बोलणं खरं झालं. तिले बरं वाटन.

शालिकराम

—

नांदगाव खंडेश्वर, १३ फेब्रुवारी १९३५

रा. रा. बापूसाहेब वकील यांस,
माणिकबाई किसनराव, नांदगाव खंडेश्वर, हिचा नमस्कार.

मी तुमच्या हेडमाळ्याची मोठी बहीण. आमी माळी माणसं, लिहिणं वाकडं आहे, समजून घ्याल.

साहेब, फुलं त्यानं तोडली पण अक्कल माही. मीच त्याले लिहिलं होतं, एक कळी सोडू नको. ती चिठ्ठी त्याच्याजवळ असन, मागून पाहा. त्यानं पैसा घेतला असन त माहा हात झडून जाईन. आमच्या घरी फूल लावतात ते तोडाले. मी सात वर्षांची असल्यापासून फूल तोडून रायली. गुलाब पूर्ण उमलला की कसा दिसते ते मी देवळात पायलं, लग्नात पायलं, मढ्यावर पायलं. झाडावर नाही पायलं. तुमी म्हणाल, बाई खोटं बोलते. पण साहेब, ज्या घरी उमललेलं फूल म्हणजे नुकसान, त्या घरचा माणूस तुमी ठेवला अन् त्याले एका शब्दानं सांगितलं नाही की आमाले नुकसानच पाहिजे म्हणून. थोडं तुमचंही चुकलं.

आता खरी गोष्ट. तो सोमवारी पळून चालला. पळणं त्याच्या पायात आहे. त्याची बायको जमुना बोलली आहे की सहा महिने एका जागी टिकला तरच नांदीन. त्याले वाटते ती तेल्हाऱ्याले माहेरी आहे. ती चार दिवस होती तिथं. भावजय बोलली, म्हणून निघाली अन् माह्या दारात येऊन उभी रायली. तवापासून माह्या घरीच आहे. त्याची प्रत्येक चिठ्ठी मी तिले वाचून दाखवते. ही नोटिशीची वाचली तवा ती उठून गोठ्यात गेली अन् खूप येळ आलीच नाही. तिले बरं वाटलं नाही साहेब. त्याले वाटते बरं वाटन.

हे त्याले सांगू नका. बायको वाट पायते म्हणून टिकला, असं तिले नको आहे. आपल्या मनानं टिकला पाहिजे, असं ती म्हणते. मले हे फार पटत नाही, पण आहे ते आहे.

त्याले सोमवारी थांबवा. शिक्षा करा, मार द्या, पण थांबवा. अन् गंगूबाईच्या घरी शिपाई धाडू नका.

आपली,
माणिकबाई

—

अकोला, २० फेब्रुवारी १९३५

सौ. माणिकबाई यांस,

आपले पत्र पोचले. मी तीस वर्षे वकिली केली, पण आरोपीच्या बाजूने इतके रोखठोक पत्र मला आलेले नाही. "थोडं तुमचंही चुकलं" हे वाक्य वाचून मी प्रथम रागावलो, मग जेवण झाल्यावर हसलो. आता ते मान्य करतो.

रविवारी मी बागेत गेलो. आपले बंधू वळकटी बांधत होते. मी म्हटले, "आज गेलास तर लोक तुला चोर म्हणतील, राहिलास तर वेडा म्हणतील. वेड्याचे पुढे काहीतरी होऊ शकते." ते वळकटी तशीच सोडून खुरपे घेऊन निघून गेले. अठरा तारीख गेली. आज सकाळी ते बकऱ्यांच्या मागे धावताना दिसले.

नोटीस मी मागे घेतली आहे. गंगूबाईंकडे स्वतः जाऊन आलो आणि हारांची मागणी कायमची देऊन आलो, मात्र फुले बाजारातली. मंडळातील दोन सभासद बंधूंना काढा म्हणतात. त्यांचा निकाल जूनच्या सभेत होईल, त्याबद्दल मी वचन देऊ शकत नाही. तोवर एक अट घातली आहे. एक जूनपर्यंत त्यांनी झाडावरच्या एकाही फुलाला हात लावायचा नाही. गळून पडेल तेवढेच उचलायचे.

अट ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की, फाशी झाली असती तर बरे, असे त्यांना वाटले असावे.

बाकीची गोष्ट माझ्याजवळ राहील.

आपला,
बापूसाहेब

—

अकोला, १४ एप्रिल १९३५

ताईले दंडवत.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसती तगमग होती. बापूसाहेबानं थांबवलं, पण एक जूनपर्यंत झाडावरच्या फुलाले हात लावाची मनाई केली. पहाटे डोळा उघडते अन् हात शिवशिवतात. वाफ्याजवळून जातो त हात आपोआप पुढं होते. म्हणून मी हात पाठीमागं धरून चालाले शिकलो. गडी हासतात, म्हणतात हेडमाळी साहेब झाला. मार्च महिन्यात दोनदा वळकटी बांधली अन् दोनदा सोडली. एकदा त शालू नावाच्या एका पोरीनं वाचवलं. ती मायसंग फिराले आली होती. मले म्हणे, "हा गुलाब काल अर्धा होता, आज पूर्ण झाला. उद्या काय होईन?" मले सांगता आलं नाही ताई! माळ्याच्या घरी जन्मलो अन् मले माहीत नव्हतं की गुलाबाचं चौथ्या दिवशी काय होते. म्हटलं, पाहू तरी. त्यात चार दिवस निघाले.

अन् आता मोगरा आला आहे. मोगरा सांजच्याले उमलते हे आपल्याले माहीत होतं. म्हणूनच त सकाळी कळ्या तोडतो, की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उमलावं. पण सांजच्याले आपल्या घरच्या मोगऱ्याकडे कोणी पायलं काय? तवर झाड रिकामं असते. परवा मी दिवेलागणीले विहिरीजवळ बसलो होतो. एक कळी हालली. मंग दुसरी. मंग जिकडे पाहावं तिकडे पांढरं होऊन रायलं, अन् वास असा सुटला की जिनिंगमधले मजूर, दिवसभर रुई ओढून आलेले, हिरवळीवर आडवे पडले होते ते उठून बसले. मी रडलो ताई. काहून रडलो ते माहीत नाही. बाबा आठवले, त्यायनं जन्मभर मोगरा लावला अन् हे पायलं नाही.

जमुनेनं हे पाहाले पाहिजे, असं वाटलं. भाकरीचं मी उगाच लिहिलं होतं. खानावळीची भाकर मले जात नाही. तिच्या खोकल्याचं तू लिहिलं ते वाचून चार दिवस मले काही सुचलं नाही. तिले भुश्यात मीच नेलं होतं.

एक जूनले सहा महिने होतात. मंडळ ठेवन की काढन, सभा झाल्याशिवाय समजत नाही. तरी मी तेल्हाऱ्याले जाऊन तिले इचारू काय? ती नाही म्हणाली त मले सोसणार नाही. तू आधी लिहून पाय.

तुहा,
शालिकराम

—

नांदगाव खंडेश्वर, २२ एप्रिल १९३५

चि. शालिकरामले आशीर्वाद.

तुही चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचाले लावली म्हणून वाचली, एवढंच सांगते.

तेल्हाऱ्याले जाऊ नको. कुठीच जाऊ नको. जिथं आहे तिथं राय अन् मोगऱ्याले पाणी दे, उन्हाळा कडक आहे.

माणिकताई

—

अकोला, २ जून १९३५

ताई,

दंडवत घालत नाही तुले! सहा महिने माही बायको घरात ठेवून मले पत्ता लागू देला नाही! अन् मी काय काय लिहून बसलो! भाऊजीही सामील, बापूसाहेबही सामील. साऱ्या वऱ्हाडाले माहीत होतं, एक मलेच माहीत नव्हतं. भेटली की भांडतो. आता सांगतो ते ऐक.

काल एक जून. म्हटलं, सहा महिने त झाले, आता हे कोणाले सांगू? दिवसभर पाणी देलं. संध्याकाळी गर्दी झाली, गुरुजीनं पाच चकरा मारल्या. अंधार पडाले लागला तशी मी घंटी वाजवली. बगीचा बंद कराच्या वक्ताले मी साऱ्या बाकायजवळून जातो अन् बसलेल्यायले उठवतो. मजूर उठले, बाया उठल्या, लेकरं पळाली.

मोगऱ्याजवळच्या बाकावर एक बाई बसली होती, डोक्यावरून पदर, माह्याकडे पाठ. बाजूले गाठोडं. म्हटलं, कोणी परगावची असन. मी लांबूनच बोललो, "बाई, बगीचा बंद झाला. निघा आता."

ती हालली नाही. मोगरा पाहून रायली होती.

मी जवळ गेलो. "बाई, ऐकू येते काय? घरी जा."

तवा ती खोकली. ताई, तो खोकला मी हजार माणसांत ओळखीन. माह्या हातातली घंटी खाली पडली.

ती वळली नाही. म्हणे, "घरीच त आली. अजून कुठी जाऊ?"

मंग मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "जमुने, ऑर्डर आली नाही अजून. सभेत काढूनही टाकतीन. पक्कं काहीच नाही."

ती म्हणे, "मी ऑर्डर मागितली होती काय? सहा महिने मागितले होते."

गाठोडं उचललं अन् कोपऱ्यातल्या खोलीकडे चालाले लागली. मले इचारलंही नाही की खोली कोणती. मी तसाच उभा. थोड्या वेळानं खोलीत दिवा लागलेला दिसला.

मंग मी फाटकावर गेलो अन् कुलूप लावलं. रोजच लावतो. पण काल दोनदा ओढून पायलं.

शालिकराम